गाठोड्यावरची चिठ्ठी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसास जागेचा हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. सकाळी बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत आणखी किती माणसे मावतील, मुलुंडच्या दोन खोल्यांत लग्नाच्या पाहुण्यांच्या किती गाद्या पडतील, घाटकोपरच्या बिऱ्हाडातल्या पोटमाळ्यावर अजून किती ट्रंका चढतील, हे तो नजरेनेच मोजतो. वस्तू दाबून, घडी घालून, आवळून ठेवण्यात आम्हां मुंबईकरांचा हात धरणारे लोक थोडेच असतील. परंतु या विद्येचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सोपा नाही. गाठोडे बांधल्यावर ते किती लहान झाले हे सर्वांस दिसते. ते सोडल्यावर किती जागा व्यापील, हे बांधलेल्या गाठोड्याकडे नुसते पाहून सांगता येते काय? या प्रश्नाचा इतिहास सांगावा आणि त्याचे आजचे उत्तर काय आहे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न संगणकाचा आहे, तरी तो आता पंडितांपुरता उरलेला नाही. लग्नाची छायाचित्रे, सोसायटीची जुनी दप्तरे, ग्रंथालयाने छायांकित केलेले मासिकांचे अंक, हे सारे आज एकेका आवळलेल्या फाइलीत बंद होऊन घरी येते. फाइल उघडू लागावे आणि अर्ध्या वाटेवर यंत्राने ‘जागा संपली’ म्हणून हात वर करावेत, हा अनुभव पुष्कळांचा आहे. एरवी ही गोष्ट त्रासावारी जाते. परंतु साठवून ठेवलेले दप्तर उलगडण्याची वेळ बहुधा संकटाचीच असते. मूळ यंत्र बंद पडलेले असते, नोंदी आजच हव्या असतात, आणि दप्तर अर्धे बाहेर, अर्धे आत अशा स्थितीत अडकते. अशा वेळी ‘उलगडल्यावर किती जागा लागेल?’ हा प्रश्न आधी विचारला गेला होता की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आवळण्याचा धंदा मुंबईस नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईहून कापसाच्या गाठींचा लोंढा विलायतेकडे वाहू लागला. जहाजाच्या पोटातील जागा मर्यादित; मोकळी रुई भरावी तर जहाज वजनाने हलके राहून जागेने मात्र भरून जावयाचे. म्हणून रुई यंत्राने दाबून तिच्या घट्ट गाठी बांधीत. आता ही गाठ गिरणीत सोडली म्हणजे फुगून केवढी होईल, याची व्यापाऱ्यास फारशी चिंता नसे; कारण व्यवहार वजनावर होता. दाबली तरी रुईचे वजन तेच, सोडली तरी तेच. आजही आपल्या देशात रुईची प्रमाण गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे दाबण्याने जी बदलत नाही अशी एक गोष्ट हाती होती, आणि सर्व हिशोब तिच्यावर चालत असे. आपल्या प्रश्नाची मेख इथेच आहे. आवळलेल्या फाइलीस असे वजन नसते. ती आवळली म्हणजे खरोखरच लहान होते, आणि आत किती माल आहे हे तराजूवर टाकून कळत नाही.

शब्द आवळण्याची कला तर याहून पुष्कळ जुनी. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बसविले. ‘अच्’ एवढ्या दोन वर्णांत त्याने सर्व स्वर कोंडले आणि ‘हल्’ एवढ्यात सर्व व्यंजने. परंतु ‘अच्’चे कुलूप उघडावयाचे तर चौदा माहेश्वर सूत्रे पाठ असली पाहिजेत, किल्ली त्यांत आहे. आपण पत्रावर ‘मु. पो. ता. जि.’ लिहितो तेव्हा हेच करतो. टपालवाल्यास ही चार अक्षरे उलगडता येतात, कारण लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात एक करार आहे.

तारेच्या काळात हा करार पुस्तकरूपाने छापला गेला. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक कोश वापरण्यास आरंभ केला. एका बनावट शब्दात ‘माल पोचला, भाव उतरला, पुढील सूचनेपर्यंत विक्री थांबवा’ असे अख्खे वाक्य बसे. पुढे आपल्या तार खात्याने शुभेच्छांच्या तारांसाठी ठरीव वाक्यांस आकडे देऊन ठेवले. पाठविणाऱ्याने आकडा लिहावा आणि नवदांपत्याच्या हाती पूर्ण वाक्य पडावे, अशी ती सोय होती. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तरी वडीलधाऱ्या मंडळींस तो तक्ता आठवत असेल. या पद्धतीत उलगडलेल्या मजकुराची लांबी आधी कळत असे, कारण कोश दोन्ही टोकांस एकच होता. आकडा पाहिला, पान उघडले, वाक्य मोजले. गाठोडे आणि माल यांचे नाते पुस्तकात लिहून ठेवलेले होते.

ठरीव कोशाचा दोष असा की, कोशात नसलेले वाक्य आले म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. कोणताही मजकूर आवळता आला पाहिजे, ही मागणी विसाव्या शतकाच्या मध्यावर पुढे आली. १९४८ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी माहितीचे गणित मांडले. त्यातील एक विचार साध्या शब्दांत असा सांगता येईल: मजकुरात जे आधीच ओळखता येते त्यास जागा देण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रात ‘महारा’ एवढे वाचले की पुढचे ‘ष्ट्र’ आपण न पाहता वाचतो. तेवढा भाग दाबता येण्याजोगा आहे. १९५२ साली डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या अक्षरास लहान खूण आणि क्वचित येणाऱ्यास मोठी खूण देण्याची उत्तम रीत दाखविली. पुढे १९७७ आणि १९७८ साली इस्रायलमधील याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी कोश बरोबर बाळगण्याची गरजच काढून टाकली. त्यांची युक्ती घरगुती आहे. मजकुरात एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी अक्षरे उतरव’ एवढाच हुकूम लिहावयाचा. म्हणजे आधी येऊन गेलेला मजकूर हाच पुढच्या मजकुराचा कोश झाला.

येथपर्यंत विद्या परदेशात वाढली. तिची गरज मुंबईच्या उपनगरांत कशी भासली असेल ते आता पाहू. जुहू येथे १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. २००३ साली ते सी-डॅक या संस्थेत विलीन झाले. पवईची आय.आय.टी. १९५८ सालची. या दोन संस्थांत १९८७ साली टेलिफोनच्या तारेवरून संगणकाची पत्रे येऊ-जाऊ लागली. देशातील शिक्षणसंस्थांच्या एर्नेट या जाळ्याचा तो आरंभकाळ होय. अंधेरीच्या एका बाजूस जुहू आणि दुसऱ्या बाजूस पवई. परंतु या लहानशा टप्प्याने पुढे सातासमुद्रांपलीकडचा मार्ग खुला केला. १९८९ साली जुहूच्या केंद्राचा अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताशी कायमचा संबंध जोडला गेला, आणि त्या तारेचा वेग होता सेकंदास ९,६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट, आणि रोमन लिपीच्या एका अक्षरास एक बाइट लागतो. म्हणजे सेकंदास १,२०० अक्षरे. त्या काळच्या एका फ्लॉपी तबकडीवर १४,७४,५६० बाइट मावत. तेवढा मजकूर या तारेवरून जाण्यास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागावयाचा, आणि त्या वेळात दुसऱ्या कोणाचे पत्र जावयाचे नाही. सामान्य नागरिकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, आणि तेही टेलिफोनच्या मंद तारेवरूनच. गाडी अरुंद आणि उतारू पुष्कळ, ही स्थिती आम्हां उपनगरवासीयांस समजावून सांगावयास नको.

अशा अरुंद तारांवर मजकूर आवळून पाठविण्याची चाल तेव्हा जगभर होती. त्यासाठी युनिक्स यंत्रांवर ‘कॉम्प्रेस’ नावाचा प्रोग्राम सर्रास वापरीत. तो १९८४च्या सुमाराचा, आणि लेम्पेल-झिव्ह यांच्या रीतीवर टेरी वेल्च यांनी केलेल्या सुधारणेवर आधारलेला. त्याने बांधलेल्या गाठोड्याच्या तोंडाशी फक्त तीन बाइट असत. ‘हे अमुक प्रकारचे गाठोडे आहे’ एवढेच ते सांगत. आत किती माल आहे, याविषयी एक अक्षरही नसे. त्या काळी कोणी तसे लिहून ठेवण्याची निकड मानली नाही. सगळी दृष्टी तार कशी वाचेल याकडे होती, आणि पलीकडे उतरविणाऱ्याच्या घरी जागा आहे की नाही, हा त्याचा प्रश्न समजला जाई.

ही उणीव पुढच्या पिढीने भरून काढली, आणि दोन प्रकारांनी काढली. १९८९ साली फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामकाराने ‘झिप’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक फाइलीपाशी तिची मूळ लांबी लिहिलेली असते, आणि शिवाय गाठोड्याच्या शेवटी सगळ्या फाइलींची यादी लांबीसकट पुन्हा दिलेली असते. लग्नघरी ट्रंकेच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवतात, तसाच हा प्रकार. झिप फाइल न सोडताही आतल्या मालाची बेरीज यंत्र आपणांस चटकन सांगते, ते या यादीवरून.

दुसरी पद्धत ‘जीझिप’. कॉम्प्रेसच्या रीतीवर पेटंटचा हक्क सांगितला गेल्यामुळे मोकळी रीत हवी होती. ती जाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली दिली. जीझिपची चिठ्ठी गाठोड्याच्या तोंडाशी नसून शेपटाशी असते, आणि त्यास सबळ कारण आहे. ठाणातून कापड येत जावे आणि कामगाराने घडी घालीत जावे, तसे हे यंत्र मजकूर येईल तसा आवळीत जाते. एकूण किती आला हे शेवटचे अक्षर आल्यावरच कळावयाचे. म्हणून आकडा शेवटी. त्याच्या अगोदर एक ताळाही लिहिलेला असतो. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहात असू, त्याच जातीचा. उलगडलेला मजकूर मूळच्यासारखाच आहे की वाटेत काही बिघडले, हे त्यावरून तपासता येते.

परंतु या शेपटाच्या चिठ्ठीस जागा दिली होती चारच बाइट. चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजता येते. त्या आकड्यापाशी मोजणी पुन्हा शून्यावर येते. जुना विजेचा मीटर ९९९९ नंतर ०००० दाखवी, तसेच हे. मीटरवर शून्य आले म्हणून वीज जळलीच नाही असे होत नाही. मीटरास त्यापुढचे आठवत नाही, इतकेच. १९९२ साली घरगुती यंत्रात चारशे कोटी बाइटांची फाइल कोणी पाहिली नव्हती, म्हणून ही तजवीज ऐसपैस वाटली. पुढे चलच्चित्रे आली, मोठ्या कार्यालयांची दप्तरे आली. समजा, ५०० कोटी बाइटांची एक फाइल जीझिपने आवळली. तिच्या शेपटावर आकडा येतो ७०,५०,३२,७०४. म्हणजे पाच अब्जांच्या मालावर सत्तर कोटींची चिठ्ठी. या चिठ्ठीवर विश्वास ठेवून कोणी शंभर कोटी बाइटांची जागा मोकळी करून बसला, तर त्याचे काय व्हावयाचे ते उघड आहे. शिवाय जीझिपची दोन गाठोडी एकापुढे एक जोडली तरी ते एक वैध गाठोडे होते. मात्र शेवटची चिठ्ठी केवळ शेवटच्या तुकड्याविषयी बोलते. झिपच्या यादीतही आरंभी चारच बाइट होते. २००१ साली ती जागा आठ बाइटांपर्यंत वाढविण्याची सोय झाली.

आता कोणी म्हणेल, चिठ्ठी नसली तर नसो, अंदाज करता येईलच. एक वाटी तांदळाचा भात किती होतो हे घरातल्या बाईस सांगावे लागत नाही, तसे फाइलीचेही काही प्रमाण असेल. हा युक्तिवाद वरवर पटतो. परंतु तांदूळ आहे हे ठाऊक असते म्हणून भाताचा अंदाज चालतो. झाकलेल्या डब्यात तांदूळ आहे, साबुदाणा आहे की खडे आहेत हे ठाऊक नसेल, तर पाणी किती घालावयाचे? साधा इंग्रजी मजकूर आवळला तर साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. बँकेच्या किंवा कारखान्याच्या नोंदींत एकच ओळ थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते. त्या दहाव्या, विसाव्या हिश्शावरही येतात. उलट छायाचित्रे बहुधा आधीच जेपेग पद्धतीने आवळलेली असतात, आणि त्यांचे पुन्हा गाठोडे केले तरी ते जवळजवळ तेवढेच राहते. एकाच आकाराची दोन गाठोडी समोर ठेवली, तर एकातून तेवढाच माल निघेल आणि दुसऱ्यातून वीसपट निघेल.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. ‘मुंबई’ या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे आहेत. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे प्रत्येक चिन्हास एक बाइट, म्हणून हा शब्द पाच बाइटांत बसतो. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून तोच शब्द पंधरा बाइट घेतो. रोमन अक्षरांतला ‘मुंबई’ सहा बाइटांतच राहतो, हे सहज लक्षात ठेवावे. परंतु तीनांपैकी पहिला बाइट प्रत्येक देवनागरी चिन्हास एकच असतो आणि दुसऱ्याचे प्रकार दोनच. जे पुन्हा पुन्हा येते ते आवळणारे यंत्र दाबून टाकते. म्हणून एकच मराठी ग्रंथ या दोन रीतींनी लिहून आवळला तर गाठोड्यांतील अंतर पुष्कळच कमी होते. आणि सोडल्यावर मात्र एक दुसऱ्याच्या तिप्पट भरतो. मराठी विकिपीडियाचा मजकूर अनेक वर्षे ‘बीझिप-२’ या १९९६ सालच्या पद्धतीने आवळून सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला आहे, आणि त्या पद्धतीत मूळ लांबीची चिठ्ठी मुळीच नाही. ज्याने इंग्रजी मजकुराच्या अनुभवावरून तिप्पट जागा राखली, त्यास मराठी मजकुराच्या वेळी ती कमी पडण्याचा संभव मोठा.

प्रमाण ठरत नाही याचे एक निखळ गणिती कारणही आहे. दहा बिटांच्या निरनिराळ्या फाइली १,०२४ होऊ शकतात. दहाहून कमी बिटांच्या सगळ्या मिळून, अगदी रिकामी फाइल धरूनही, १,०२३च होतात. मग प्रत्येक दहा-बिटी फाइलीस तिच्याहून लहान असे स्वतंत्र गाठोडे कोठून मिळणार? एकीस तरी जागा उरत नाही. तेव्हा सर्वच फाइलींस लहान करील असे यंत्र असू शकत नाही. काही पुष्कळ आवळतात, काही मुळीच आवळत नाहीत.

या अनिश्चिततेचा फायदा घेणारेही निघाले. बळीराजाने वामनास तीन पावले भूमी दिली. पावले तीन हे ठरले. पाऊल केवढे हे ठरले नाही. संगणकाच्या जगातही असे वामन आहेत. सुमारे ४२ हजार बाइटांची एक झिप फाइल प्रसिद्ध आहे. तिच्या आत सोळा गाठोडी, त्या प्रत्येकाच्या आत आणखी सोळा, असे पाच थर सोडीत गेले म्हणजे शेवटी एकंदर साडेचार हजार टेराबाइट माल निघतो. आज घरोघरी मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या तबकड्या घेतल्या तर साडेचार हजार तबकड्या भराव्या लागतील. इतके थर कशासाठी, तर झिप आणि जीझिप यांच्या नेहमीच्या रीतीस एका थरात मर्यादा आहे. ‘मागे जा आणि उतरव’ या एका हुकमाने जास्तीत जास्त २५८ बाइट उतरतात, आणि तो हुकूम लिहिण्यास निदान दोन बिट लागतात. एका बाइटात आठ बिट, म्हणजे चार हुकूम. चार वेळा २५८ म्हणजे १,०३२. म्हणून एका थरात गाठोड्याच्या सुमारे हजार पटींहून अधिक माल निघू शकत नाही, असे तेव्हा सर्वांनी धरून ठेवले होते. २०१९ साली डेव्हिड फिफील्ड या संशोधकाने यादीतील अनेक नोंदींस आतल्या एकाच मालाकडे बोट दाखवावयास लावून, एकाच थरात ४२ हजार बाइटांतून साडेपाचशे कोटी बाइट काढून दाखविले. यादी खरी, माल खरा, आणि तरीही हिशोब फसवा. वामनाची गोष्ट सांगताना शुक्राचार्यांस आपण हसतो. परंतु दान देण्यापूर्वी मागणाऱ्याचे माप घ्यावे, हा त्यांचा आग्रह संगणकाच्या बाबतीत तरी शहाणपणाचा ठरला आहे.

मग चिठ्ठी खोटी असू शकते आणि अंदाज चुकू शकतो, तर खरा उपाय कोणता? उपाय आहे, आणि तो आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. गाठोडे सोडावे, पण माल कोठे ठेवू नये, नुसता मोजावा. बाहेर येणारे प्रत्येक अक्षर मोजून सोडून द्यावे. यंत्रास मागे जाऊन उतरवावे लागते म्हणून अलीकडचा थोडा मजकूर स्मरणात ठेवावा लागतो, परंतु झिप आणि जीझिपच्या रीतीत तो ३२,७६८ बाइटांहून अधिक नसतो. म्हणजे हजार कोटी बाइटांचे दप्तर मोजण्यास तेवढी जागा लागत नाही. एका लहान पुस्तकाच्या काही पानांएवढी जागा पुरते. लागतो तो वेळ. टोलनाक्यावरचा माणूस जसा गाड्या मोजतो, त्या ठेवून घेत नाही, तसेच हे. जागा नाही म्हणून मोजता येत नाही ही सबब या रीतीने निकालात निघते.

जीझिपच्या इतिहासाने हेच वळण घेतले. आतल्या मालाची लांबी विचारली असता तो प्रोग्राम तीस वर्षे शेपटावरची चिठ्ठी वाचून उत्तर देत असे. उत्तर तत्काळ मिळे आणि मोठ्या फाइलीच्या बाबतीत चुकीचे मिळे. २०२२ साली निघालेल्या त्याच्या १.१२ या आवृत्तीत ही रीत बदलली. आता लांबी विचारली की तो फाइल खरोखर उलगडतो, बाइट मोजतो आणि मग आकडा सांगतो. यास पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, हे कर्त्यांनी मान्य केले आहे. परंतु चटकन मिळालेल्या चुकीच्या आकड्यापेक्षा उशिरा मिळालेला बरोबर आकडा त्यांनी पत्करला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत बोलकी घटना आहे. ज्यांची चिठ्ठी, त्यांच्याच वारसांनी चिठ्ठीपेक्षा मोजणीस मान दिला.

मोजणीचा आकडा हाती आल्यावरही उपनगरवासीयाने एका गोष्टीचे भान ठेवावे. ‘ब्लॉक’ हा शब्द आपणांस चांगला परिचयाचा आहे. एकटा मनुष्य राहो की सहा माणसांचे कुटुंब राहो, ब्लॉक अख्खाच घ्यावा लागतो. उरलेली जागा शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. संगणकाच्या तबकडीवरही फाइलींस जागा ब्लॉकनेच मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी हा ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असतो. शंभर शंभर बाइटांच्या दहा हजार चिटुकल्या फाइली असतील तर मालाची बेरीज दहा लाख बाइट होते. परंतु त्यांस दहा हजार ब्लॉक, म्हणजे ४,०९,६०,००० बाइट जागा द्यावी लागते. माल एकपट, भाडे चाळीसपट. शिवाय उलगडण्याचे काम पुरे होईपर्यंत मूळ गाठोडे टाकून देता येत नाही; म्हणून तेवढी जागा आणखी. बिऱ्हाड हलविताना काही दिवस दोन्ही घरांचे भाडे भरावे लागते, तसेच हे.

तात्पर्य काय? गाठोडे बांधणाऱ्याने त्यावर मूळ लांबी, फाइलींची संख्या आणि ताळा लिहून ठेवावा, कारण बांधताना त्यास हे फुकट कळते आणि सोडणाऱ्यास ते कष्टाने शोधावे लागते. सोडणाऱ्याने ती चिठ्ठी वाचावी, परंतु अनोळखी गाठोड्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. आधी मोजावे, वर मर्यादा घालावी, मग जागा करून सोडावे. आपल्या उपनगरांतील ग्रंथालये, शाळा, सहकारी संस्था यांची दप्तरे आता अशीच आवळून ठेवली जात आहेत. ती बांधणारे हात आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती सोडणारे हात बहुधा निराळे असतील. बांधणाऱ्यास सर्व ठाऊक असते म्हणून त्यास चिठ्ठीची गरज वाटत नाही. सोडणाऱ्याजवळ चिठ्ठीवाचून काहीच नसते. रुईच्या व्यापाऱ्याने गाठीवर वजन लिहिले, तार खात्याने आकड्यांचा तक्ता लावला, तशी ही एक ओळ प्रत्येक दप्तरावर लिहून ठेवण्यास अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट ज्यांनी आज खर्च केले, त्यांचे दप्तर उद्या पूर्ण उलगडेल.